फिश टँक साफ करायला गोगलगाई सोडा म्हणणारा माणूस, ज्याने ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द घराघरात पोहोचवला

घरात फिश टँक असेल तर हा अनुभव तुम्हाला नवीन नसेल. पहिले पंधरा दिवस काच चकाचक असते. मग कोपऱ्यात हिरवट थर दिसायला लागतो आणि महिन्याभरात मासे धुक्यातून फिरत असल्यासारखे वाटतात.

दुकानात जाऊन विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. एक सकर मासा घेऊन जा, तो शेवाळ खातो, टँक धुवायचं टेन्शनच नाही.

सकर घरी येतो, काचेला चिकटून बसतो, थोडं शेवाळ खातोही. पण टँक पुन्हा घाण व्हायचा तो होतोच.

आता गंमत बघा. आपला टँक दुसऱ्याच एखाद्या जिवाने साफ करावा ही आयडिया दुकानदाराची नाही. ती जवळपास पावणेदोनशे वर्षं जुनी आहे. ती लोकांच्या दिवाणखान्यात नेऊन ठेवणाऱ्या माणसाचं नाव होतं फिलिप हेन्री गॉस.

कारकून, शेतकरी, मास्तर आणि मग निसर्गअभ्यासक

गॉसचा जन्म ६ एप्रिल १८१० चा, इंग्लंडमधल्या वुस्टरचा. वडील गावोगाव फिरून छोटी व्यक्तिचित्रं काढायचे. पैसा फारसा नव्हता. गॉसचं बालपण पूल या बंदराच्या गावात गेलं आणि समुद्रकिनाऱ्यावरचे जीव बघायचा नाद त्याला तिथेच लागला.

पण नादावर पोट भरत नाही. १८२७ मध्ये सतरा वर्षांचा गॉस जहाजात बसून न्यूफाउंडलंडला गेला आणि एका व्यापारी पेढीत कारकून झाला. तिथे त्याने सूक्ष्मदर्शकावरचं एक पुस्तक विकत घेतलं आणि किडे गोळा करायला सुरुवात केली. १८३५ मध्ये तो कॅनडात शेती करायला गेला. तीन वर्षांत शेतीचा बोजवारा उडाला.

मग १८३८ मध्ये तो अमेरिकेतल्या अलाबामात गेला आणि मळेवाल्यांच्या मुलांना शिकवू लागला. तिथली गुलामगिरी जवळून पाहून तो हादरला आणि वर्षभरातच इंग्लंडला परतला. खिशात काही नव्हतं, पण वह्या नोंदींनी आणि चित्रांनी भरलेल्या होत्या.

त्या वह्यांमधूनच त्याची पुस्तकं निघाली. १८४० मध्ये कॅनडाच्या निसर्गावरचं पुस्तक आलं. १८४४ मध्ये तो पक्ष्यांचे नमुने गोळा करायला जमैकाला गेला आणि १८४७ मध्ये तिथल्या पक्ष्यांवर त्याने पुस्तक काढलं.

१८४८ मध्ये त्याचं लग्न एमिली बाउज हिच्याशी झालं. तीही लेखिका. दोघंही अत्यंत धार्मिक, ‘प्लिमथ ब्रेदरन’ या कडक ख्रिस्ती पंथातले. २१ सप्टेंबर १८४९ ला त्यांना मुलगा झाला, एडमंड. त्या दिवशी गॉसने डायरीत दोन गोष्टी टिपल्या. मुलगा झाला ही एक, आणि जमैकाहून हिरव्या पाकोळीचा नमुना आला ही दुसरी.

दोन गोल्डफिश आणि एक घाण झालेली टाकी

त्याच काळात लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचा एक रसायनशास्त्रज्ञ वेगळाच खटाटोप करत होता. काचेच्या भांड्यातले मासे पाणी न बदलता जगवता येतील का, हा त्याचा प्रश्न.

त्याने एका काचेच्या टाकीत दोन गोल्डफिश सोडले आणि व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती लावली. हिशोब सोपा होता. मासे कार्बन डायऑक्साइड सोडणार, वनस्पती तो घेणार आणि बदल्यात ऑक्सिजन देणार.

काही काळ हे जमलं. मग वनस्पतीची जुनी पानं कुजायला लागली, पाणी गढूळ झालं आणि हिरवं शेवाळ पसरलं. टाकी हातातून जाणार असं दिसताच वॉरिंग्टनने तळ्यातल्या काही गोगलगाई आणून आत सोडल्या. त्यांनी कुजकी पानं आणि शेवाळ दोन्ही फस्त केलं, पाणी पुन्हा निवळलं. वर त्यांची अंडी माशांना खायला मिळाली. १८५० मध्ये त्याने हा प्रयोग लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडला.

वनस्पती, मासे आणि सफाई कामगार. काचेच्या चार भिंतीत आपोआप चालणारं जग. ही कल्पनाच इतकी भारी होती की लोक तिच्या प्रेमात पडले.

गॉस समुद्र घरात आणतो

१८५२ मध्ये अतिकामाने गॉसची तब्येत ढासळली आणि तो लंडन सोडून डेव्हनच्या किनाऱ्यावर राहायला गेला. तिथे त्याने वॉरिंग्टनसारखाच प्रयोग खाऱ्या पाण्यात चालवला. ओहोटीला खडकांमधल्या डबक्यांतून समुद्रफुलं, खेकडे, शंख आणि समुद्री शेवाळाचे तुकडे आणायचे आणि काचेच्या भांड्यात जगवून बघायचे.

प्रयोग जमला. मे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ‘फिश हाउस’ उघडलं, जगातलं पहिलं सार्वजनिक मत्स्यालय. तिथल्या टाक्यांसाठी जीव पुरवणाऱ्यांमध्ये गॉस होता.

१८५४ मध्ये त्याचं ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे रंगीत चित्रांचं पुस्तक आलं आणि प्रचंड खपलं. हा शब्द आज आपण ज्या अर्थाने वापरतो, तो या पुस्तकामुळे रूढ झाला. त्याच वर्षी त्याने चार क्षार मिसळून समुद्राचं पाणी घरी बनवायची कृतीही छापली. म्हणजे समुद्रापासून लांब राहणाऱ्यांचीही सोय झाली.

वेळही अचूक होती. १८४५ मध्ये ब्रिटनमध्ये काचेवरचा कर रद्द झाला होता, त्यामुळे काच स्वस्त झाली होती. रेल्वेने लोक सहज किनाऱ्यावर जाऊ शकत होते. बघता बघता दिवाणखान्यात अ‍ॅक्वेरियम असणं ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली.

मग काच कोण पुसणार?

घाण होणाऱ्या काचेवर गॉसचा उपाय वॉरिंग्टनचाच होता, फक्त गोगलगाई समुद्रातल्या. पेरिविंकल आणि ट्रोकस हे शंखवाले जीव टाकीत सोडा, ते शेवाळ खरवडून खातात. या गोगलगाईंच्या जिभेवर बारीक दातांच्या रांगा असतात. ती जीभ काचेवरून कशी फिरते आणि मागे स्वच्छ पट्टे कसे उमटतात, हे गॉस भिंगातून तासन् तास बघायचा.

पण मेख पुढेच आहे. गोगलगाई सोडून गॉस हात झटकून मोकळा झाला नव्हता. मेलेला जीव लगेच बाहेर काढा, ऊन बेताचंच येऊ द्या, पिचकारीने पाणी खेळतं ठेवा, जेवढं पाणी उडून गेलं तेवढंच गोडं पाणी वरून घाला, अशा सूचना त्याने दिल्या होत्या. त्याच्या टाक्या टिकत होत्या, कारण तो रोज त्यांच्याकडे बघत होता.

वाचकांनी मात्र सोयीचं तेवढंच उचललं. टाकी स्वतःच स्वतःला सांभाळते म्हटल्यावर बघायचं कशाला? जीव मरायचे, पाणी सडायचं, टाकी ओतून दिली जायची. मग हौशी लोक पुन्हा किनाऱ्यावर जाऊन नवे जीव उपटून आणायचे.

यश अंगावर आलं

१८५६ मध्ये गॉस रॉयल सोसायटीचा फेलो झाला. पण पुढचं वर्ष त्याच्यासाठी फार वाईट ठरलं. फेब्रुवारी १८५७ मध्ये एमिली स्तनाच्या कर्करोगाने गेली. एडमंड तेव्हा सात वर्षांचा होता.

त्याच वर्षी गॉसचं ‘ओम्फॅलोस’ आलं. देवाने पृथ्वी घडवतानाच ती जुनी दिसेल अशी घडवली, जीवाश्मांसकट, असा त्यातला दावा. धर्म आणि भूगर्भशास्त्र यांचं भांडण मिटेल असं त्याला वाटलं होतं. झालं उलटंच. शास्त्रज्ञांनी नाकारलं, धार्मिक लोकांनाही पटलं नाही.

तो मुलाला घेऊन टॉर्कीजवळ सेंट मेरीचर्चला कायमचा राहायला गेला. तिथे त्याने ब्रिटनच्या समुद्रफुलांवर मोठा ग्रंथ लिहिला. पण ज्या किनाऱ्यावर तो हे काम करत होता तो डोळ्यांदेखत रिकामा होत होता. त्याचीच पुस्तकं वाचून आलेले लोक बादल्या घेऊन डबकी ओरबाडत होते.

मुलगा एडमंड पुढे मोठा साहित्यिक झाला. १९०७ मध्ये त्याने ‘फादर अँड सन’ या पुस्तकात लिहून ठेवलं की ते खडक उजाड झाले, त्याला आपली पुस्तकं कारणीभूत आहेत हे वडिलांना कळून चुकलं होतं आणि त्याचं त्यांना फार दुःख होतं.

१८६० चं दशक संपता संपता अ‍ॅक्वेरियमचं वेड ओसरलं. गॉस मात्र ऑर्किड आणि दुर्बिणीत रमला. २३ ऑगस्ट १८८८ ला त्याचं निधन झालं.

तो हिशोब कुठे अपुरा होता?

वॉरिंग्टन आणि गॉस यांचा भर ऑक्सिजनच्या ताळमेळावर होता. पण माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो, तो माशांना विषारी असतो. जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे जिवाणू सर्गेई विनोग्राडस्की या शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास वेगळे करून दाखवले. तोवर गॉस हयात नव्हता.

साठत जाणारं नायट्रेट हे शेवाळाचं खत. जोडीला भरपूर उजेड मिळाला की शेवाळ फोफावतं. सकर ते शेवाळ खातो, पण विष्ठाही टाकीतच करतो. म्हणजे घाण काचेवरून पाण्यात गेली, घराबाहेर नाही. ती बाहेर जाते फक्त पाणी बदलल्यावर.

शिवाय दुकानात बोटाएवढा दिसणारा साधा सकर वाढून फूटभर किंवा त्याहून मोठा होतो. मूळचा दक्षिण अमेरिकेतला हा मासा लोकांनी कंटाळून सोडून दिल्यामुळे भारतातल्या नद्या-तलावांतही पसरलाय आणि स्थानिक माशांच्या जिवावर उठलाय.

मग करायचं काय?

आठवड्या-पंधरवड्याला साधारण पाव टँक पाणी बदला. नवीन पाण्यातलं क्लोरीन आधी घालवा. काच स्वतः पुसा, साबण अजिबात नको. फिल्टरचा स्पंज नळाखाली न धुता टँकमधून काढलेल्याच पाण्यात पिळा, म्हणजे कामाचे जिवाणू मरत नाहीत. खाणं कमी टाका, टँक उन्हात ठेवू नका. सगळा टँक रिकामा करून घासायची गरज नसते, उलट त्याने जिवाणूंची वसाहतच धुऊन जाते.

गोगलगाय किंवा शेवाळ खाणारा मासा मदतीला जरूर ठेवा, पण तो किती वाढतो हे आधी विचारून. आणि तो मोठा झाला, नकोसा झाला, तर दुकानात परत द्या किंवा कुणाच्या मोठ्या टाकीत पाठवा. नदीत किंवा तलावात नको.