सिमल्याचे हवामानशास्त्रज्ञ आणि अंटार्क्टिकावरील हिमनदी

रायपूरच्या हवामान केंद्रातून उन्हाळ्यात रोज चढत्या पाऱ्याचे आकडे प्रसिद्ध होतात. हे केंद्र ज्या भारतीय हवामान खात्याचे आहे, त्याच खात्यातील एका शास्त्रज्ञाचे नाव अंटार्क्टिकावरील एका हिमनदीला मिळाले आहे. त्यांचे नाव सर जॉर्ज क्लार्क सिम्पसन.

सिम्पसन हिमनदी व्हिक्टोरिया लँडच्या उत्तर किनाऱ्यावर आहे. अ‍ॅडमिरल्टी पर्वतरांगेतून उतरणारी ही हिमनदी सुमारे ११ किलोमीटर लांबीची असून नेल्सन कडा आणि माउंट चेरी-गॅरार्ड यांच्यामधून ती समुद्राला मिळते. तिचे टोक जिभेसारखे पाण्यात पुढे सरकलेले असल्याने त्याला सिम्पसन हिमजिव्हा म्हणतात. कॅप्टन रॉबर्ट स्कॉट यांच्या १९१०-१३ च्या मोहिमेतील व्हिक्टर कॅम्पबेल यांच्या उत्तरेकडील तुकडीने हे नाव दिले. सिम्पसन स्वतः मात्र तेथून शेकडो किलोमीटर दक्षिणेला, केप इव्हान्स येथील तळावर काम करीत होते.

सिम्पसन यांचा जन्म १८७८ मध्ये इंग्लंडमधील डर्बी येथे झाला. स्कॉट यांच्या पहिल्या मोहिमेसाठीही त्यांनी अर्ज केला होता, परंतु वैद्यकीय तपासणीत ते नाकारले गेले. १९०६ मध्ये ते भारतीय हवामान खात्यात रुजू झाले. खात्याचे मुख्यालय तेव्हा सिमल्याला होते आणि गिल्बर्ट वॉकर त्याचे प्रमुख होते. पावसाचे थेंब फुटताना विद्युत्भार निर्माण होतो, हा सिम्पसन यांचा सिद्धांत सिमल्यातील प्रयोगांतूनच पुढे आला.

दुसऱ्या मोहिमेत स्कॉट यांनी त्यांना हवामानशास्त्रज्ञ म्हणून बरोबर घेतले. केप इव्हान्सच्या लाकडी घरात सिम्पसन यांनी वेधशाळा थाटली. नोंदणी करणारी उपकरणे फुग्यांना बांधून ते आकाशात सोडीत. १ नोव्हेंबर १९११ रोजी स्कॉट ध्रुवाकडे निघाले, तेव्हा तळाची जबाबदारी सिम्पसन यांच्याकडे आली.

१९१२ च्या आरंभी 'टेरा नोव्हा' हे जहाज तळावर परतले. त्यातून भारत सरकारने पाठविलेली सात खेचरे उतरली. लाल खान, गुलाब, बेगम, राणी, अब्दुल्ला, प्यारी आणि खान साहिब ही त्यांची नावे होती. सिम्पसन यांना भारतातून बोलावणे आले होते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्याच जहाजाने त्यांनी तळ सोडला. त्या वेळी स्कॉट आणि त्यांचे सहकारी ध्रुवावरून परतीच्या वाटेवर रॉस हिमस्तरावर होते. पारा उणे ४० अंशांपर्यंत उतरत होता. मार्चअखेरीस त्यांच्यातील शेवटचे तिघे तंबूतच मरण पावले. पुढे शोधपथकाबरोबर हीच खेचरे गेली आणि १२ नोव्हेंबर १९१२ रोजी तो तंबू सापडला.

सहकाऱ्यांचा अंत नेमका कशामुळे झाला, हा प्रश्न सिम्पसन यांच्यापुढे पुढील अनेक वर्षे होता. मोहिमेच्या नोंदी त्यांनी भारतात बसून तपासल्या. मध्यंतरी पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील सैन्याला हवामानविषयक सल्ला देण्याचे कामही त्यांच्याकडे आले. हवामानावरील त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड १९१९ मध्ये कोलकात्यात प्रसिद्ध झाला. १९१२ चा मार्च असाधारण थंड होता आणि दुर्घटनेत हवामानाचा वाटा सर्वांत मोठा होता, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १९२३ मध्ये ऑक्सफर्ड येथील व्याख्यानातही त्यांनी हीच मांडणी केली.

ती सर्वांना पटली नाही. दोष आखणीचा व नेतृत्वाचा होता, असे टीकाकार म्हणत राहिले. १९२० ते १९३८ या काळात सिम्पसन ब्रिटनच्या हवामान खात्याचे संचालक होते. १ जानेवारी १९६५ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हाही हा वाद मिटलेला नव्हता. १९९९ मध्ये सुसान सोलोमन आणि चार्ल्स स्टर्न्स यांनी त्याच मार्गावरील स्वयंचलित केंद्रांच्या अनेक वर्षांच्या नोंदी स्कॉट यांच्या तुकडीच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. १९१२ चा मार्च खरोखरच नेहमीपेक्षा बराच थंड ठरला.