कृत्रिम नेत्रभिंगाचे जनक : सर हॅरॉल्ड रिडली

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेला रुग्ण आज बहुधा त्याच दिवशी घरी परततो. डोळ्यात बसविलेल्या इवल्याशा कृत्रिम भिंगामुळे त्याची नजर काही दिवसांतच स्थिरावते. हे भिंग मानवी डोळ्यात प्रथम बसविणाऱ्या हॅरॉल्ड रिडली यांच्या वाट्याला मात्र दीर्घकाळ उपेक्षाच आली.

रिडली यांचा जन्म 10 जुलै 1906 रोजी इंग्लंडमधील लेस्टरशायर परगण्यात झाला. केंब्रिज विद्यापीठात आणि लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात शिक्षण घेतल्यावर ते मूरफील्ड्स या नामांकित नेत्ररुग्णालयात शल्यचिकित्सक झाले. त्या काळी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत गढुळलेले नैसर्गिक भिंग काढून टाकले जाई. त्याच्या जागी काहीच बसविले जात नसे. रुग्णाला जन्मभर जाड भिंगांचा चष्मा वापरावा लागे. त्यातून वस्तू वाजवीपेक्षा मोठ्या दिसत आणि बाजूचे नीट दिसत नसे. अंधत्व टळे, पण दृष्टी पूर्ववत होत नसे. रिडली यांच्या लेखी ही शस्त्रक्रिया अर्धवटच होती.

त्यावरचा उपाय त्यांना दुसऱ्या महायुद्धात सापडला. लढाऊ विमानाच्या कक्षाचे पारदर्शक छत फुटून ‘पर्स्पेक्स’ या प्लास्टिकचे कण काही वैमानिकांच्या डोळ्यांत शिरले होते. गॉर्डन क्लीव्हर हे त्यांपैकीच एक. परकी वस्तू डोळ्यात राहिली की दाह होतो, असा तेव्हाचा अनुभव. हे कण मात्र डोळ्याने निमूटपणे सामावून घेतल्याचे रिडली यांच्या ध्यानात आले. पुढे एका विद्यार्थ्याने शस्त्रक्रिया पाहताना, काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरे का बसवीत नाहीत, असे सहज विचारले आणि मनात घोळत असलेल्या कल्पनेला चालना मिळाली. रेनर कंपनीचे जॉन पाइक यांच्या साहाय्याने त्यांनी त्याच प्लास्टिकचे भिंग घडविले. 29 नोव्हेंबर 1949 रोजी सेंट थॉमस रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. 8 फेब्रुवारी 1950 रोजी भिंग कायमचे बसविण्यात आले.

हा प्रयोग त्यांनी गाजावाजा न करता चालविला होता. 1951 मध्ये ऑक्सफर्डच्या नेत्रतज्ज्ञांच्या परिषदेत त्यांनी तो मांडला, तेव्हा कौतुकाऐवजी टीका झाली. डोळ्यातून काहीतरी काढायचे, त्यात काही घालायचे नाही, हीच तेव्हाची रीत. सर स्ट्युअर्ट ड्यूक-एल्डर यांच्यासारख्या थोर नेत्रतज्ज्ञाने तर रुग्ण तपासण्यासही नकार दिला. टीका अगदीच निराधार नव्हती. पहिल्या रुग्णाच्या भिंगाची शक्ती चुकली होती. काही रुग्णांत भिंग जागेवरून सरकले, काहींना काचबिंदू झाला. तरीही मूळ कल्पना खरी असल्याचा त्यांचा विश्वास ढळला नाही. 1966 मध्ये पीटर चॉइस यांच्यासह त्यांनी समविचारी नेत्रतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना उभारली. 1971 मध्ये ते निवृत्त झाले, तेव्हाही त्यांच्या कार्याला सर्वमान्यता नव्हती.

पुढे भिंगांची घडण, सूक्ष्मदर्शकाखालील शस्त्रक्रिया आणि बारीक छेदाचे तंत्र सुधारत गेले, तसा विरोध मावळला. 1986 मध्ये, वयाच्या ऐंशीच्या उंबरठ्यावर, रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. उतारवयात त्यांच्या स्वतःच्या दोन्ही डोळ्यांत सेंट थॉमस रुग्णालयातच कृत्रिम भिंगे बसविण्यात आली. 2000 मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला आणि 25 मे 2001 रोजी त्यांचे निधन झाले.

भारतात हे भिंग प्रारंभी परदेशातून येई व सामान्यांच्या आवाक्याबाहेर होते. मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयाशी संलग्न ‘ऑरोलॅब’ने 1992 पासून ते अल्प खर्चात तयार करण्यास आरंभ केला आणि गरीब रुग्णालाही ते परवडू लागले. लंडनमध्ये शंकेने पाहिले गेलेले रिडली यांचे भिंग अशा रीतीने आपल्याकडील खेड्यापाड्यांतील वृद्धांच्याही डोळ्यांत पोहोचले.