अहिल्याबाईंची शाळा

यंदा हाउसच्या ड्रिल स्पर्धेसाठी मला सेक्शन कमांडर नेमले. आवाज मोठा असला की झाले, असे मला वाटत होते. पहिल्याच आठवड्यात सातवीतल्या एका मुलाचे पाऊल चुकले. मी त्याच्यावर सगळ्यांसमोर ओरडलो आणि त्याला रांगेबाहेर काढले. परत घेतल्यावर तो आणखीच चुकू लागला.

दिवाळीच्या सुट्टीत इंदूरला घरी गेलो. राजवाड्यासमोर अहिल्याबाई होळकरांचा पुतळा आहे. तो मी लहानपणापासून पाहतो. पण त्या नेतृत्व शिकल्या कुठे, हा प्रश्न मला पहिल्यांदाच पडला. म्हणून त्यांचे चरित्र वाचले.

अहिल्याबाईंचा जन्म १७२५ साली चौंडी गावी पाटलाच्या घरी झाला. सुभेदार मल्हारराव होळकरांच्या त्या सून. मल्हाररावांनी त्यांना हिशेब, वसुली, पत्रव्यवहार शिकवला आणि स्वतः मोहिमेवर असताना कारभार त्यांच्यावर सोपवला. १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात त्यांचे पती खंडेराव तोफेच्या गोळ्याने मारले गेले. अहिल्याबाई सती जायला निघाल्या, तेव्हा मल्हाररावांनी त्यांना थांबवले आणि पुढे आणखी मोठी कामे दिली. १७६५ मध्ये तर तोफखाना घेऊन ग्वाल्हेरकडे जाण्याची कामगिरी दिली. तोफा, गोळे, दारू यांची तजवीज कशी करायची, हे त्यांनी पत्रातून कळवले. पण ती प्रत्यक्ष करायची होती अहिल्याबाईंनी. मला वाटते, त्यांची खरी शाळा हीच.

परीक्षा लवकरच आली. १७६६ मध्ये मल्हारराव गेले, १७६७ मध्ये मुलगा मालेरावही गेला. राज्याला वारस नाही, असे पाहून राघोबादादा फौजेसह चालून आले. अहिल्याबाईंनी लढाईची तयारी केली आणि त्याच वेळी पेशवे माधवरावांकडे दाद मागितली. माधवरावांनी त्यांचा हक्क मान्य केला. लढाई न होताच संकट टळले.

पुढे त्यांनी महेश्वरहून १७९५ पर्यंत राज्य चालवले. रयतेची गाऱ्हाणी त्या स्वतः ऐकत. फौज मात्र त्यांनी तुकोजी होळकरांच्या हाती दिली. सासऱ्यांनी जसा त्यांच्यावर विश्वास टाकला, तसाच त्यांनी दुसऱ्यावर टाकला.

सुट्टीहून परतल्यावर मी त्या मुलाची माफी मागितली आणि रोज सरावाच्या सुरुवातीला सेक्शन फॉल-इन करून घेण्याचे काम त्याला दिले. पहिले दोन दिवस त्याचा आवाजच फुटेना. मध्ये बोलायचे नाही, हे मला फार अवघड गेले. तिसऱ्या दिवशी सेक्शन त्याच्या हुकुमावर उभा राहिला.

स्पर्धेत आमचा तिसरा क्रमांक आला. त्याचे पाऊल एकदा चुकले. पण त्याने ते स्वतःच सावरले. पुढच्या वर्षी सेक्शन कमांडरसाठी मी त्याचे नाव सुचवणार आहे.