फैजपूरचे नंदबाबू

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीवर लिहा, असं चिटणीसांनी सांगितलं तेव्हा त्यांच्या मनात बहुधा नेहमीची दोन-चार नावं असावीत. मी निवडलेलं नाव बंगाली आहे. पण या माणसाने आपल्या रावेरपासून एसटीने तासाभराच्या आत, सावद्याच्या पुढे फैजपुरात, बांबू आणि तट्ट्यांचं एक अख्खं नगर उभं केलं होतं. चित्रकार नंदलाल बोस. भारताच्या संविधानाची मूळ हस्तलिखित प्रत ज्यांनी सजवली तेच हे. संविधानाचं सगळ्यांना माहीत असतं, फैजपूरचं आपल्याच भागात कमी जणांना माहीत आहे.

नंदलाल यांचा जन्म ३ डिसेंबर १८८२ चा, बिहारमधल्या मुंगेर जिल्ह्यातल्या खरगपूरचा. वडील दरभंगा संस्थानच्या नोकरीत. आई क्षेत्रमणीदेवी मातीची खेळणी, बाहुल्या फार सुंदर करायच्या. गावातल्या कुंभारांकडे जाऊन बसायचं, ते दुर्गेच्या मूर्ती कशा घडवतात ते बघायचं, हीच या मुलाची पहिली शाळा. पुढे कलकत्त्याला शिकायला पाठवलं, पण अभ्यासात काही राम नव्हता. कॉलेजात नापास, पुन्हा नापास. मग घरच्यांनी कॉमर्सला घातलं, की निदान कुठे चिकटेल तरी! (आमच्या बँकेत अशा वाटेने आलेले बरेच होते, त्यामुळे ही हकीकत मला जवळची वाटते.) तिथेही जमेना, तेव्हा कुठे घरच्यांनी कलकत्त्याच्या सरकारी कला विद्यालयात जाऊ दिलं. तिथे अवनींद्रनाथ ठाकूर गुरू म्हणून लाभले आणि गाडी रुळावर आली.

खानदेशाशी त्यांचा पहिला संबंध आला तो १९०९-१० च्या हिवाळ्यात. लेडी हेरिंगहॅम या इंग्रज बाई अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला आल्या होत्या. त्यांच्या मदतीला कलकत्त्याहून जे तरुण चित्रकार आले त्यांत सत्तावीस वर्षांचे नंदलाल होते. भगिनी निवेदितांनी त्यांना आग्रहाने पाठवलं होतं. आपण अजिंठ्याला सहलीला जातो, चित्रं बघतो, फोटो काढतो. नंदलालनी भिंतही बघितली. अजिंठ्याचा गिलावा कसला आहे? माती, शेण, भाताचा तूस, त्यावर चुन्याचा पातळ हात. म्हणजे आपल्या आज्या-पणज्या ज्याने घर सारवायच्या, त्याच्याच जातीचा माल! तो दीड हजार वर्षं टिकला. ही गोष्ट या माणसाच्या डोक्यात पक्की बसली असणार, कारण पुढे आयुष्यभर मातीवर त्यांचा जो भरवसा दिसतो तो दुसरीकडून आलेला वाटत नाही.

पुढे रवींद्रनाथांनी त्यांना शांतिनिकेतनला बोलावून घेतलं. १९२२ च्या सुमारास ते तिथल्या कलाभवनाचे प्रमुख झाले आणि १९५१ पर्यंत त्या जागी राहिले. विद्यार्थी त्यांना मास्टरमोशाय म्हणत. बिनोदबिहारी मुखर्जी, रामकिंकर बैज, पुढे सत्यजित राय, असे एकेक विद्यार्थी. त्यांची शिकवण्याची पद्धत वर्गात बसवून नकला करून घेण्याची नव्हती. गावातल्या उत्सवाला कमान लागते, मुलांना राहायला जागा लागते, नाटकाला रंगमंच लागतो, तर मुलांनीच तो करायचा. कलाभवनातलं काळं घर प्रसिद्ध आहे. मातीच्या भिंती, त्यांवर मुलांनी आणि शिक्षकांनी उठावाची चित्रं घडवली आणि पावसापासून, वाळवीपासून बचाव म्हणून वरून डांबर फासलं. आणि ते प्रदर्शनासाठी नव्हतं, त्यात विद्यार्थी राहत होते. १९३५ साली रवींद्रनाथांसाठी श्यामली हे मातीचं घर झालं. त्याचा आराखडा सुरेंद्रनाथ कर यांचा, भिंतींवरच्या कामात नंदलाल आणि रामकिंकर. आज आर्किटेक्चरच्या कॉलेजांत पर्यावरणपूरक बांधकाम, लोकसहभाग असे विषय असतात, मुलं त्यांवर प्रोजेक्ट करतात. ती मुलं नव्वद वर्षांपूर्वी शांतिनिकेतनात असती तर हातात घमेलं घेऊन उभी असती.

आता फैजपूर. १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहायला गेले होते. काँग्रेसची अधिवेशनं तोपर्यंत मोठ्या शहरांत व्हायची. ती आता खेड्यात भरली पाहिजेत असा त्यांनी धरलेला आग्रह पूर्व खानदेशाने उचलला. शंकरराव देव यांच्यासारखे पुढारी, आपल्या रावेर तालुक्यातल्या खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी, आणि गावोगाव हिंडून लोकांना जागं करणारे साने गुरुजी, या मंडळींनी ते अंगावर घेतलं. खेड्यात भरलेलं हे काँग्रेसचं पहिलं अधिवेशन.

त्याच वर्षी लखनौच्या अधिवेशनात नंदलालनी प्रदर्शन सजवलं होतं. ते गांधीजींना आवडलं होतं. फैजपूरला मात्र नुसतं प्रदर्शन नव्हे, सगळ्या नगराचीच मांडणी करायची होती. नंदलाल मागे सरले. आपण चित्रकार, बांधकाम आपला प्रांत नाही, असं त्यांनी कळवलं. गांधीजींनी ते मानलं नाही. त्यांना निष्णात माणूस नको होता, मन लावून करणारा हवा होता. अट एकच, जे काही उभारायचं ते गावात आणि आसपास मिळणाऱ्या वस्तूंतून, गावच्या कारागिरांच्या हातून.

अट ऐकायला सोपी वाटते. ज्याने एखादं मंगल कार्य जरी पार पाडलं असेल त्याला विचारा! हजारो लोक येणार, त्यांची निवासाची सोय, सभामंडप, प्रदर्शन, भोजनशाळा, संडास, पाणी. आणि शहरातून तंबू, कनाती, पत्रे, रंगीत कापड काहीही आणायचं नाही. नंदलाल आणि त्यांच्याबरोबर म्हात्रे नावाचे वास्तुविशारद यांनी बांबू, तट्टे, गवत, दोर यांतच सगळं बसवलं. कमानी बांबूच्या. टोपल्या, सुपं, शेतकऱ्याच्या घरातल्या रोजच्या वस्तू हीच सजावट. अध्यक्ष जवाहरलाल नेहरूंच्या मिरवणुकीसाठी मोटार नव्हती. साध्या गावच्या गाडीचाच रथ केला आणि तो बैलांनी ओढला. नगराला नाव दिलं टिळकनगर. २५ डिसेंबरला गांधीजींनी खादी-ग्रामोद्योग प्रदर्शन उघडलं तेव्हा या मांडणीचं श्रेय त्यांनी जाहीरपणे म्हात्रे आणि नंदलाल या दोघांना दिलं. शेतकऱ्यांच्या प्रश्नांवरचा प्रसिद्ध फैजपूर कार्यक्रम याच अधिवेशनात मंजूर झाला, पण त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे.

माझे वडील तेव्हा चौदा वर्षांचे होते. विवऱ्याहून गावच्या पोरांबरोबर ते पायी गेले होते. भाषणं त्यांना काही आठवत नव्हती. पण आपल्या घरात धान्य पाखडतात तीच सुपं कमानीवर बांधलेली बघून सगळ्यांना कसं हसू आलं होतं, आणि मग कुणीच हसेनासं का झालं, हे ते म्हातारपणीही सांगत.

फैजपूरचा अनुभव गाठीशी होता म्हणून १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनाचं कामही नंदलालांकडेच आलं. तिथली त्यांची चित्रं जगप्रसिद्ध आहेत. ढोलकीवाला, शिंपी, सुतार, कुंभार, दळण दळणारी बाई, अशी साध्या माणसांची. त्यांनी आणि कलाभवनाच्या मुलांनी मिळून चारशेच्या आसपास चित्रं केली, तीही बांबूच्या मंडपांवर येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसतील अशी लावली. मला विचाराल तर हरिपुऱ्याचं मूळ फैजपुरात आहे. हरिपुऱ्याची चित्रं सांभाळली गेली, फैजपूरचा बांबू मात्र काम झाल्यावर निघाला. तो तसाच निघायचा होता.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण स्मरणिका आपली आहे आणि प्रश्नही आपला आहे. मोकळ्या भूखंडावरच्या सभागृहाचे दोन नकाशे सध्या कमिटीपुढे आहेत. एक आरसीसीचा, काचेच्या दर्शनी भागाचा, एसीसकट. दुसरा आपल्याच सोसायटीतल्या, आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलीने केलेला. विटांची जाळी, उंच कौलारू छत, चारी बाजूंनी ओटा, तिन्ही निंब जागेवर आणि छताचं पाणी बोअरजवळच्या शोषखड्ड्यात. काहींनी तो हसण्यावारी नेला. मी हिशेबाचा माणूस, म्हणून दोन्ही बाजू मांडतो. फैजपूरचं नगर काही दिवसांपुरतं होतं, सभागृह पन्नास वर्षं वापरायचं आहे. कौलं दर पावसाळ्याआधी चाळावी लागतात आणि ती चाळणारा माणूस आता शोधावा लागतो. पण मे महिन्यात रावेरचं ऊन पंचेचाळीसच्या घरात जातं, वीज जाते, आणि काचेच्या खोलीत तेव्हा कुणी बसू शकणार नाही. केळीच्या या पट्ट्यात बोअर दरवर्षी किती खोल न्यावी लागते तेही आपण बघतोच आहोत. बँकेत असताना कर्जाच्या अर्जात घर पक्कं की कच्चं असा रकाना असायचा. आमच्या गावचं धाब्याचं घर कच्च्यात मोडायचं, जरी त्याच्या भिंती दोन हात जाडीच्या होत्या आणि दुपारी आत गारवा असायचा. रकाना चुकीचा होता असं नाही, पण त्यात सगळं मावत नव्हतं. जनरल बॉडीत दोन्ही नकाशे देखभालीच्या खर्चासह ठेवावेत, एवढीच माझी सूचना आहे. त्या मुलीला स्वतः मांडू द्यावं.

स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या हस्तलिखित प्रतीचं काम नंदलालांकडे आलं. अक्षर प्रेमबिहारी नारायण रायजादा यांचं, चित्रं आणि वेलबुट्टी नंदलाल व त्यांच्या विद्यार्थ्यांची. त्यात मोहेंजोदडोच्या मुद्रेपासून सुरुवात आहे, मधे छत्रपती शिवाजी महाराज आहेत, दांडीयात्रा आहे. इथेही मास्टरमोशायनी एकट्याच्या नावावर काम ठेवलं नाही. उद्देशिकेच्या पानाची सजावट जबलपूरच्या ब्योहार राममनोहर सिन्हा या त्यांच्या शिष्याची आहे. १९५४ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं.

शेवटच्या वर्षांत ते ओळखीच्यांना, विद्यार्थ्यांना पोस्टकार्डांवर चित्रं काढून पाठवत. झाड, बकरी, पाऊस, रस्त्याने जाणारा कुणी माणूस. कार्ड साधं, सरकारी. अशी कार्डं त्यांनी आयुष्यभरात हजारोंनी पाठवली. १६ एप्रिल १९६६ रोजी कलकत्त्याला ते गेले.

आपल्या तालुक्यात खिरोद्याला आज सप्तपुट ललित कला भवन आहे आणि फैजपूरच्या कॉलेजला धनाजी नानांचं नाव आहे. सुटीत मुलांना घेऊन दोन्ही ठिकाणी सहज एका दिवसात जाऊन येता येतं. गाडी भरत असेल तर मीही येईन.