बागलकोटचे केतकर मास्तर

आपल्या अंकात दुसऱ्या शाळेच्या मास्तरांची गोष्ट सांगते, पण माणूस शेजारचाच आहे. सोलापूरहून होटगी, विजापूर करत गाडी बागलकोटला जाते. तिथल्या इंग्रजी शाळेत व्यंकटेश बापूजी केतकर हेडमास्तर होते. जन्म १८५४, नरगुंदचा.

तेव्हा जुन्या पंचांगातले ग्रह आकाशातल्या ग्रहांशी जुळेनासे झाले होते. केतकरांनी युरोपातली नवी मानं घेऊन ‘ज्योतिर्गणित’ रचलं, तेही संस्कृतात, पंचांगकर्त्यांच्या ओळखीच्या भाषेत.

१९११ साली त्यांचा लेख फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत आला. नेपच्यूनपलीकडे आणखी दोन ग्रह असावेत, असं त्यांचं गणित. जवळचा ग्रह सूर्यापासून पृथ्वीच्या ३८.९५ पट दूर, फेरी सुमारे २४२ वर्षांची. गुरूच्या चंद्रांच्या फेऱ्यांत लाप्लासला एक ताल सापडला होता, त्यावरून हा अंदाज. अंतर आणि काळ केप्लरच्या नियमाने बांधलेले असतात. ३९ चा घन करून वर्गमूळ काढा, सुमारे २४३.५ येतात. (कॅल्क्युलेटर चालेल, आता सर ओरडणार नाहीत.)

मार्च १९३० मध्ये अमेरिकेतून प्लूटोची बातमी आली. अंतर ३९.५ पट, फेरी २४८ वर्षांची. दुर्बीण काही केतकरांच्या आकड्यांवरून रोखलेली नव्हती आणि त्यांचा दुसरा ग्रह अजून सापडलेला नाही, तेव्हा योगायोगाचा वाटा मी नाकारणार नाही. पण नेपच्यूनच्या तीन फेऱ्यांत प्लूटोच्या दोन होतात, हा ताल १९६५ च्या सुमारास संगणकाच्या गणितातून दिसला.

केतकर विजापूरला वारले, ऑगस्ट १९३० मध्ये. प्लूटोच्या बातमीला तेव्हा पाचच महिने झाले होते.