कावसजी दादाभाई नायगमवाला

कावसजी दादाभाई नायगमवाला (१८५७ – १९३८) हे भारतीय खगोलभौतिकीतज्ज्ञ व पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे संस्थापक-संचालक होते. त्यांच्या वेधशाळेतील २० इंच व्यासाची परावर्ती दुर्बीण त्या काळी देशातील सर्वांत मोठी होती.

शिक्षण आणि वेधशाळा

पारशी कुटुंबात जन्मलेले नायगमवाला मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १८७८ साली एम.ए. झाले व पुढे तेथेच पदार्थविज्ञान शिकवू लागले. भावनगरच्या महाराजांनी ५,००० रुपयांची देणगी दिली आणि सरकारने तितकीच भर घातली. १८८४ मध्ये ते उपकरणांसाठी इंग्लंडला गेले. तेथे नॉर्मन लॉकियर यांच्या सल्ल्याने वर्णपटवेधाला वाहिलेल्या वेधशाळेची कल्पना आकारास आली. ती पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात १८८८ साली उभी राहिली.

संशोधन

मृगशीर्षातील तेजोमेघाच्या वर्णपटातील ठळक हिरवी रेषा मॅग्नेशियममुळे उमटते, असे लॉकियर मानीत. विल्यम हगिन्स यांना ते अमान्य होते. १८९१ साली नायगमवालांनी घेतलेल्या वेधांत ही रेषा सुस्पष्ट व रेखीव आढळली. मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध जाणारा हा निष्कर्ष त्यांनी प्रसिद्ध केला, ही गोष्ट लहान नव्हे. ती रेषा आयनीभूत ऑक्सिजनची असल्याचे १९२७ मध्ये सिद्ध झाले.

१८९६ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी ते नॉर्वेतील वाड्सो येथे गेले. ऐन वेळी ढगांनी सूर्य झाकला. २२ जानेवारी १८९८ चे ग्रहण मात्र सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे निरभ्र आकाशात दिसले. लॉकियर त्याच ग्रहणासाठी विजयदुर्गास होते. जेमतेम दोन मिनिटांच्या खग्रासात नायगमवालांच्या चमूने सूर्याचे वर्णपट टिपले. त्याचा अहवाल १९०२ साली प्रसिद्ध झाला.

निवृत्ती व दुर्बिणीचे पुढे काय झाले

वेधशाळेचा भार जवळजवळ एकट्या संचालकावरच होता. शिष्यपरंपरा उभी राहिली नाही. तशी सोयच सरकारने केली नव्हती. १९१२ मध्ये ते निवृत्त होताच वेधशाळा बंद करून उपकरणे कोडाईकनालला पाठवण्यात आली. तेथे मोठी दुर्बीण सुमारे चार दशके पडून होती. १९५१ मध्ये ती बसवण्यात आली व भावनगर दुर्बीण म्हणून ओळखली जाऊ लागली.

कोडाईकनाल वेधशाळा आज भारतीय ताराभौतिकी संस्थेकडे आहे. २०१५ साली सोडलेल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरील अतिनील दुर्बीण याच संस्थेच्या पुढाकाराने तयार झाली. पुण्यातील आयुकाने घडवलेली सूर्यदुर्बीण २०२३ मध्ये आदित्य-एल१ यानातून ढगांच्या पलीकडे गेली.