शेजारधर्माला कायद्याचे रूप देणारे लॉर्ड ॲटकिन

अपकृत्य कायद्याचा अभ्यास ज्या गोगलगायीपासून सुरू होतो, ती बाटलीत खरोखर होती की नव्हती याचा निकाल न्यायालयात कधीच लागला नाही. तरीही तिच्यामुळे लॉर्ड ॲटकिन यांचे नाव जगभरच्या विधी महाविद्यालयांत पोहोचले.

जेम्स रिचर्ड ॲटकिन यांचा जन्म २८ नोव्हेंबर १८६७ रोजी ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे झाला. वडील आयरिश, पत्रकार आणि क्वीन्सलंडच्या विधिमंडळाचे सदस्य. ॲटकिन पाच वर्षांचेही नव्हते तेव्हा पितृछत्र हरपले. बालपण आईच्या माहेरी, वेल्समध्ये गेले. ऑक्सफर्डचे शिक्षण आटोपून १८९१ मध्ये त्यांनी वकिलीची सनद घेतली. १९१३ मध्ये ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, १९१९ मध्ये अपील न्यायालयात गेले आणि १९२८ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटनमधील सर्वोच्च न्यायपीठावर पोहोचले.

त्याच वर्षी २६ ऑगस्टला स्कॉटलंडमधील पेस्ले गावच्या एका उपाहारगृहात मे डोनोह्यू ही दुकानात काम करणारी गरीब स्त्री मैत्रिणीसोबत बसली होती. मैत्रिणीने तिच्यासाठी आइस्क्रीम आणि जिंजर बिअर मागवली. बाटली गडद काचेची होती. उरलेले पेय ओतताना त्यातून कुजलेली गोगलगाय बाहेर पडली आणि आपण आजारी पडलो, असा डोनोह्यू यांचा दावा होता. पण भरपाई मागायची कोणाकडे? पैसे मैत्रिणीने दिलेले, त्यामुळे दुकानदाराशी डोनोह्यू यांचा करार नव्हता. उत्पादक स्टीव्हन्सन यांच्याशी तर नव्हताच. करार नसेल तर उत्पादकाचे दायित्व, काही अपवाद वगळता, नाही, अशीच तेव्हाची समजूत होती. बाटलीत उंदीर सापडल्याचे असेच दावे स्कॉटलंडच्या न्यायालयाने १९२९ मध्ये फेटाळले होते. डोनोह्यू यांना निर्धन पक्षकार म्हणून लॉर्ड्सपुढे अपील करण्याची मुभा मिळाली, ती मिळाली नसती तर हे प्रकरण तिथेच संपले असते.

निकाल २६ मे १९३२ रोजी लागला, तोही तीन विरुद्ध दोन अशा मतांनी. बायबलमधील शेजारधर्म ॲटकिन यांनी कायद्याच्या मापात बसवला. आपल्या कृतीने किंवा हयगयीने ज्यांना इजा होईल हे विचारी माणसाला आधीच उमगू शकते, ते सारे कायद्याच्या दृष्टीने आपले शेजारी ठरले. त्यांच्याबाबत वाजवी काळजी घेणे हे कर्तव्य झाले. कर्तव्य, त्याचा भंग आणि त्यातून झालेले नुकसान ही निष्काळजीपणाच्या दाव्याची चौकट पुढे याच पायावर पक्की झाली. माल मधे तपासला जाण्याची वाजवी शक्यता नसेल, तर उत्पादकाचे कर्तव्य थेट अंतिम ग्राहकापर्यंत पोहोचते, हेही त्यांनी स्पष्ट केले. गोगलगायीचा पुरावा मात्र तपासला गेलाच नाही. स्टीव्हन्सन यांच्या निधनानंतर प्रकरण तडजोडीने मिटले.

प्रिव्ही कौन्सिलमध्येही ॲटकिन बसत. कबुलीजबाब कशाला म्हणावे, हे सांगणारा पाकला नारायण स्वामी खटल्याचा १९३९ चा त्यांचा निर्णय भारतीय वकिलांच्या चांगलाच परिचयाचा आहे.

त्यांच्या धैर्याची कसोटी मात्र युद्धकाळात लागली. विनाचौकशी स्थानबद्ध केलेल्या लिव्हरसिज यांच्या १९४१ मधील खटल्यात, गृहमंत्र्यांना कारण वाजवी वाटले की पुरे, असे चौघा न्यायाधीशांनी ठरवले. एकट्या ॲटकिन यांनी, असे कारण खरोखर असले पाहिजे आणि ते न्यायालयाला तपासता आले पाहिजे, असा आग्रह धरला. सहकाऱ्यांना झोंबणारा मजकूर गाळावा ही लॉर्ड चॅन्सेलरांची विनंतीही त्यांनी मानली नाही. त्यामुळे काही सहकारी दुरावले. भारतात आणीबाणीतील १९७६ च्या बंदी प्रत्यक्षीकरण खटल्यात बहुमताने त्या चौघांच्याच मताचा आधार घेतला. ब्रिटनमध्ये मात्र १९७९ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सनेच ॲटकिन यांचे मत बरोबर होते असे मान्य केले.

ते पाहायला ते नव्हते. २५ जून १९४४ रोजी वेल्समधील ॲबरडोव्ही येथे त्यांचे निधन झाले होते.